कमॉडिटी इंडेक्स फंड दीर्घ मुदतीसाठी घ्यावा का?

महागाईपासून संरक्षण देणारी आणि शेअर बाजार कोसळला तरी टिकून राहणारी मालमत्ता, अशी कमॉडिटी इंडेक्स फंडाची, म्हणजे तेल, धातू, धान्य अशा मालाच्या भावांच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडाची, ओळख करून दिली जाते. यातील पहिला दावा काही अंशी खरा आहे. दुसऱ्याची परीक्षा 2008 मध्ये झाली. त्या वर्षी जुलैमध्ये पिंपाला 147 डॉलरवर पोचलेले कच्चे तेल डिसेंबरमध्ये 40 डॉलरच्याही खाली गेले, म्हणजे आधाराची सर्वाधिक गरज होती तेव्हाच ते शेअरांच्या बरोबरीने घसरले.

पंधरा-वीस वर्षांसाठी पैसे गुंतवणाऱ्याने या फंडाच्या पोटात नेमके काय असते ते आधी पाहावे. परदेशात एस अँड पी जीएससीआय आणि ब्लूमबर्ग कमॉडिटी हे दोन निर्देशांक प्रमुख मानले जातात. पहिल्यात जागतिक उत्पादनानुसार भार ठरत असल्यामुळे तेल आणि वायू यांचे वजन फार होते, तर दुसऱ्यात कोणत्याही एका गटावर मर्यादा घातलेली आहे. मात्र दोन्हींवर चालणारे फंड गहू, तांबे किंवा तेल साठवत नाहीत. ते वायदे, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढच्या तारखेला माल घेण्याचे करार, घेतात, आणि मुदत संपत आली की जुना वायदा विकून पुढच्या महिन्याचा घेतात. खरा खर्च इथे लपलेला असतो आणि तो एक्स्पेन्स रेशोच्या (फंडाच्या वार्षिक खर्चाच्या टक्केवारीच्या) रकान्यात दिसत नाही.

समजा, तेलाचा हजर (आजच्या खरेदीचा) भाव 6,000 रुपये आहे आणि पुढच्या महिन्याचा वायदा 6,090 रुपयांना मिळतो. महिनाभरात हजर भाव जराही हलला नाही, तरी 6,090 ला घेतलेला वायदा मुदतीअखेर 6,000 वर येतो आणि दीड टक्का जातो. बारा महिने हेच घडले, तर भाव जागच्या जागी असूनही एक लाखाचे साधारण 83,600 रुपये उरतात. फंडाकडे तारण म्हणून पडून असलेल्या रकमेवर व्याज मिळते, पण ते एवढे भगदाड बुजवू शकत नाही. पुढचा वायदा स्वस्त असेल तर हेच गणित उलटे फिरून लाभ होतो आणि तशी वर्षेही येऊन गेली आहेत. परंतु ती कधी येतील यावर निवृत्तीचे नियोजन बेतता येत नाही. मुंबईच्या जुन्या गुंतवणूकदारांना ही यंत्रणा परकी वाटू नये, कारण 2001 मध्ये बंद होईपर्यंत शेअर बाजारातील बदल्याच्या पद्धतीत सौदा पुढे ओढण्यासाठी असेच पैसे मोजावे लागत.

टोकाचा प्रसंग 20 एप्रिल 2020 चा आहे. अमेरिकेत तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला, म्हणजे विकणाऱ्यालाच वर पैसे द्यावे लागले, आणि अंधेरीतील एमसीएक्स या कमॉडिटी वायदे बाजाराने, जिथे लॉकडाऊनमुळे व्यवहार संध्याकाळी 5 वाजताच थांबले होते, आपला वायदा उणे 2,884 रुपयांना निकाली काढला. साठवायला जागा नसलेला माल घेऊन बसण्याची किंमत त्या दिवशी सर्वांना दिसली.

म्हणून वायद्यांवर आधारलेला व्यापक कमॉडिटी इंडेक्स फंड दीर्घ मुदतीच्या पोर्टफोलिओत नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धातू किंवा तेल कंपन्यांचे शेअर घेणारे फंड कमॉडिटीच्या नावाने मिळतात, परंतु ते शेवटी शेअरच आहेत.

सोन्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे गोल्ड ईटीएफ (शेअरसारखे बाजारात खरेदी-विक्री होणारे सोन्याचे फंड) 2007 पासून आणि सिल्व्हर ईटीएफ 2022 पासून मिळतात, आणि त्यांच्यामागे प्रामुख्याने प्रत्यक्ष धातू ठेवलेला असतो, त्यामुळे दरमहा वायदा पुढे ओढण्याचा खर्च नसतो. एकूण गुंतवणुकीच्या पाच ते दहा टक्के रक्कम गोल्ड ईटीएफमध्ये असावी, असे मी सुचवेन. घरातल्या पाटल्या-बांगड्या या हिशेबात धरू नयेत. त्या सहसा कोणी मोडत नाही, आणि मोडल्याच तर घडणावळ बुडते व वर घट लागते. संयम मात्र सोन्यालाही लागतो: 1980 मध्ये गाठलेला 850 डॉलरचा भाव पुन्हा दिसायला 2008 उजाडले. रुपयाच्या घसरणीमुळे भारतीय धारकाला ही झळ कमी बसली. चांदीचे चढउतार याहून तीव्र असल्यामुळे तिला मी दीर्घ मुदतीत स्वतंत्र वाटा देणार नाही.

खरेदी करताना ईटीएफचा बाजारातील भाव आणि फंड घराण्याच्या संकेतस्थळावर दिसणारे आयएनएव्ही (एका युनिटमागील मालमत्तेचे त्या क्षणीचे मूल्य) यांची तुलना अवश्य करावी. ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीची टंचाई झाली, तेव्हा सिल्व्हर ईटीएफ आपल्या मूल्याच्या बऱ्याच वर विकले जात होते आणि काही फंड घराण्यांनी चांदीच्या फंड ऑफ फंडमधील (ईटीएफमध्ये पैसे घालणाऱ्या फंडातील) एकरकमी गुंतवणूक तात्पुरती थांबवली होती. अशा दिवसांत मिळेल त्या भावाला खरेदी करणारी मार्केट ऑर्डर टाकू नये. आयएनएव्हीच्या जवळची, म्हणजे आपण ठरवलेल्या कमाल भावाची, लिमिट ऑर्डर लावावी, आणि ती भरली गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी.