हेडवेचं ओळखपत्र आणि हेल्पलाइन: माझा अनुभव

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी घरांत कुणाच्या डोक्याला मार लागलेला आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. हेडवे ही मेंदूच्या दुखापतीवर काम करणारी संस्था १९७९ पासून आहे, मुख्य कचेरी नॉटिंगहॅमला. त्यांचं ‘ब्रेन इंज्युरी आयडेंटिटी कार्ड’ २०१७ साली प्रिन्स हॅरीच्या हस्ते देशभर सुरू झालं. माझं कार्ड पर्समध्ये बसच्या पासाशेजारी असतं.

मी सायकलवरून पडले. टाके निघाले, केस वाढले, आता बघणाऱ्याला काहीच कळत नाही. पण दोन माणसं एकदम बोलली की मला एकाचंही समजत नाही, आणि दुपारनंतर शब्द सापडेनासे होतात, पाय अडखळतात. एका दुकानात अशीच रांगेत अडले, तर तिथल्या रखवालदाराला मी प्यायलेली वाटले. समजावून सांगायला जे डोकं लागतं, तेच नेमकं त्या वेळी थकलेलं असतं.

ते सांगण्याचं काम हे कार्ड करतं. त्यावर फोटो, नाव आणि आपल्या मोजक्या अडचणी छापलेल्या असतात. त्या विचार करून निवडा. मला विसरायलाही होतं, पण ते मी घातलं नाही. समोरच्या अनोळखी माणसाला त्या घडीला उपयोगी पडेल तेवढंच घातलं: लवकर थकते, बोलायला वेळ लागतो, गोंगाट सोसत नाही. आमच्या औषधांच्या दुकानातल्या मुलीने ते वाचलं, खुर्ची पुढे केली आणि रेडिओ बंद केला. मला रडू आलं. पोलिसांशी गाठ पडली तर दुखापत त्यांच्या लक्षात यावी, हाही कार्डामागचा एक मूळ हेतू आहे.

अर्जासोबत दुखापतीचा वैद्यकीय पुरावा लागतो, तेव्हा डिस्चार्जचे कागद जपून ठेवा. अर्थात समोरच्याने कार्ड हातात घेऊन वाचलंच नाही तर इलाज नाही. आणि सांगलीच्या आत्याला व्हिडिओ कॉलवर ते दाखवून काय होणार? ‘छान दिसतेस की गं, आता कामाला लाग,’ असं ती मायेनेच म्हणते.

घरच्यांसाठी खरी मदत झाली ती हेल्पलाइनची. फोन फुकट असतो, पलीकडे परिचारिका असतात, आणि नातेवाइकांशीही त्या बोलतात. मी झोपलेली असताना नवऱ्याने फोन लावला आणि बराच वेळ बोलत राहिला. माझी चिडचीड त्याच्यावर नसते, हा थकवा आळस नव्हे, हे त्याला त्यांच्याकडून पटलं. तेव्हापासून भाजी आणायची तर सकाळीच, आणि त्या दिवशी दुसरं काम काढायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

हेल्पलाइन सोमवार ते शुक्रवार, कचेरीच्या वेळेत असते. कार्डाचा अर्ज मात्र एका बैठकीत संपवायला जाऊ नका. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून थोडा थोडा भरा.