नाकाचा शेंडा: शेजारची कातडी की कपाळाची?

नाकाच्या शेंड्यावरची कॅन्सरची गाठ काढल्यावर कडा स्वच्छ असल्याचा, म्हणजे कडेला कॅन्सर उरला नसल्याचा, अहवाल येईपर्यंत फ्लॅपची (रक्तपुरवठ्यासकट कातडी वळवून जखम झाकण्याची) घाई नको.

शेंड्यावरची जखम दीड सेंटीमीटरच्या आत असेल तर बायलोब्ड (दोन पाकळ्यांचा) फ्लॅप बरा: नाकाचीच कातडी, रंग जुळतो, एकाच ऑपरेशनात काम. आखणी चुकली तर मात्र नाकपुडी वर खेचली जाते.

त्याहून मोठ्या जखमेला कपाळच. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या धमनीवर हा फ्लॅप जगतो, देठ (कातडीचा जोडलेला पट्टा) जेमतेम सव्वा ते दीड सेंटीमीटर रुंद. तीनेक आठवडे तो भुवईपासून नाकापर्यंत लोंबतो, चष्माही धड बसत नाही, मग देठ कापतात. म्हणजे शहाद्याच्या रुग्णाला धुळ्याला येऊन किमान दोन ऑपरेशनं, शिवाय ड्रेसिंगच्या खेपा. जळगावच्या मे महिन्यात घामाने पट्टी सुटते, ते वेगळंच. बिडी-तंबाखू चालू राहिली तर रक्तवाहिन्या आकसतात नि फ्लॅपचं टोक काळं पडतं.