वाहन उद्योगातून तेल-वायू क्षेत्राकडे : पुण्यातील एका पाइपिंग डिझाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगात काही वर्षे काम केलेल्या यांत्रिकी अभियंत्याला तेल-वायू क्षेत्रात जायचे असेल, तर पाइपिंग डिझाइन हा त्याच्या आवाक्यातला मार्ग आहे. शनिवार-रविवारी चालणारा असा अभ्यासक्रम मी पुण्यातील एका खासगी संस्थेत नुकताच पूर्ण केला.

गाडीचा सुटा भाग लाखोंनी निघतो. त्यामुळे नमुना बनवून, तो मोडेपर्यंत तपासून रचना सुधारता येते. रिफायनरीतील पाइपलाइन एकदाच उभी राहते आणि तीत ज्वालाग्राही द्रव वाहतो, म्हणून तेथे सारा भरवसा कोडवर, म्हणजे रचनेच्या लेखी नियमसंचावर, आणि आकडेमोडीवर असतो. विचाराची ही सवय बदलणे शाखा बदलण्यापेक्षा अवघड आहे, आणि या वर्गात नेमके तेच मन लावून शिकवले गेले. एएसएमई या अमेरिकी यांत्रिकी अभियंता संघटनेचा रिफायनरी-रसायन कारखान्यांतील पाइपिंगसाठीचा बी३१.३ हा कोड समोर ठेवून पाइपची जाडी हाताने काढायची, तीत गंजण्यासाठीची जादा जाडी मिळवायची, सीमलेस पाइपच्या जाडीतील १२.५ टक्क्यांची उत्पादन-तूट धरायची आणि मगच बाजारात मिळणारे शेड्यूल, म्हणजे पाइपच्या जाडीची प्रमाणित श्रेणी, निवडायचे, असा क्रम होता. कार्बन स्टीलची १०० मीटर लांबीची पाइपलाइन १०० अंश सेल्सियसने तापली की सुमारे १२ सेंटिमीटर वाढते; या वाढीला वाट न दिल्यास तिचा भार पंपाच्या नोझलवर, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडावर, येतो, हे गणित सुटल्यावरच एक्स्पान्शन लूपचा, म्हणजे ही वाढ सामावण्यासाठी पाइपला दिलेल्या वळणाचा, अर्थ उमगतो. पाइपवरील ताण मोजणारे सीझर-टू हे सॉफ्टवेअर त्यानंतर उघडले गेले, ही माझ्या मते या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी जमेची बाजू होय.

सुरक्षेच्या तासाला उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटाची १९८८ मधील दुर्घटना सविस्तर समजावली गेली. दुरुस्तीसाठी पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, ही माहिती पुढच्या पाळीपर्यंत पोहोचली नाही, पंप सुरू झाला आणि त्यातून भडकलेल्या आगीत १६७ जणांचा जीव गेला. वर्क पर्मिटचा, म्हणजे कामाच्या लेखी परवान्याचा, कागद एवढा महत्त्वाचा का, हे यानंतर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

उणिवाही गंभीर आहेत. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी घटक असलेल्या वायूसाठी पोलाद कसे निवडावे, हा जीविताशी निगडित विषय एका व्याख्यानात उरकला गेला. खरा गेट व्हॉल्व्ह किंवा फ्लँज (पाइप जोडण्याची बोल्टची चकती) हाताळायला मिळाला नाही; भोसरीच्या कारखानदारीपासून इतक्या जवळ असलेल्या संस्थेला हे शोभत नाही. माहितीपत्रकात नोकरीची हमी ठळक छापली होती, पण प्रत्यक्षात बायोडेटा पुढे पाठवण्यापलीकडे काही झाले नाही.

स्थापत्य अभियंत्यांना पाइप रॅक आणि सपोर्टचा भाग उपयोगी पडेल. मात्र ज्यांना विहिरी खोदण्याचे किंवा भूगर्भातील साठ्यांचे काम हवे आहे, त्यांनी या वर्गावर पैसे खर्च करू नयेत. त्यांनी पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या पदवीचा विचार करावा, किंवा ओएनजीसीच्या भरतीच्या जाहिराती पाहाव्यात. तेथे ड्रिलिंगच्या पदांसाठी यांत्रिकी पदवीधरांनाही वाव राहिला आहे. इतरांनी प्रवेश घेण्यापूर्वी एका तासाला बसू देण्याची विनंती करावी, आकडेमोड फळ्यावर होते की थेट पडद्यावर ते पाहावे, आणि नोकरीच्या हमीच्या अटी लेखी मागाव्यात.