सरासरी वेगाच्या गणितांचा व्हिडिओ-पाठ : एक अभिप्राय

जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर सरासरी ५० येईल, हा घाईचा अंदाज या सशुल्क पाठात उत्तम रीतीने खोडून काढला आहे : एका बाजूचे अंतर क्ष मानले, की एकूण अंतर २क्ष आणि एकूण वेळ क्ष/४० + क्ष/६०, म्हणजेच क्ष/२४ तास होतो, आणि भागाकारात क्ष उडून जाऊन ४८ उरतात. त्या पायरीवर शिक्षक मुद्दाम रेंगाळतात, हे मला विशेष आवडले. पुढे २अब/(अ+ब) हे सूत्र (अ आणि ब म्हणजे दोन वेग) देताना मात्र ते केवळ समान अंतरांना लागू पडते, हे सांगायचे राहिले आहे. परिणामी दोन्ही वेगांनी प्रत्येकी २ तास प्रवास असलेल्या उदाहरणात, जिथे साधी सरासरीच बरोबर होती, मी सूत्र वापरून चुकलो. मिनिटांचे तास करण्याचा भाग तर अक्षरशः उरकला आहे.