तदमूरच्या भिंतीतील छिद्र : मुस्तफा खलिफा यांची ‘द शेल’

सीरियन लेखक मुस्तफा खलिफा यांना १९८२ मध्ये अटक झाली आणि हाफेज अल-असद यांच्या राजवटीत त्यांनी १९९४ पर्यंत खटल्याविना कारावास भोगला. त्यातील काही काळ ते पाल्मिराच्या प्राचीन अवशेषांजवळच्या तदमूर येथील कुप्रसिद्ध लष्करी तुरुंगात होते. २००८ मध्ये बैरूतहून अरबीत प्रसिद्ध झालेली आणि पॉल स्टार्की यांनी ‘द शेल’ (म्हणजे कवच) या नावाने इंग्रजीत आणलेली त्यांची कादंबरी प्रामुख्याने याच तुरुंगात घडते.

कथेचा निवेदक फ्रान्समध्ये चित्रपट-दिग्दर्शन शिकून मायदेशी परततो आणि दमास्कसच्या विमानतळावरच पकडला जातो. आरोप असतो मुस्लिम ब्रदरहूड या राजवटविरोधी इस्लामी संघटनेचा सदस्य असल्याचा. वास्तविक तो जन्माने ख्रिस्ती आणि विचाराने नास्तिक. मार असह्य झाल्यावर तो हे ओरडून सांगतो; त्याने सुटका तर होत नाहीच, उलट ही गोष्ट सहकैद्यांच्या कानावर जाते आणि काफिर व हेर ठरवून त्याला वाळीत टाकले जाते. शेकडो माणसांनी गच्च भरलेल्या बराकीत वर्षानुवर्षे त्याच्याशी बोलणारे कोणी नसते.

माझ्या मते कादंबरीचे सारे सामर्थ्य या दुहेरी कैदेत आहे. आपल्या स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगाच्या आठवणी वाचताना बंदिवानाच्या पाठीशी त्याचे ध्येय आणि त्याचे सोबती असतात, हे आपण गृहीत धरलेले असते. या निवेदकाजवळ यांपैकी काहीच नाही. त्याला भिंतीत एक छिद्र सापडते आणि कोणाला सुगावा लागू न देता तो त्यातून अंगणातील फाशी पाहत राहतो. कागद-पेन्सिल मिळणे अशक्य असल्याने कुराण मुखोद्गत करणाऱ्या कैद्यांचीच रीत उचलून तो आपली रोजनिशी मनात पाठ करतो. ज्यांनी त्याला दूर लोटले, त्यांच्याकडूनच त्याला हे साधन मिळावे, ही बाब खलिफा कोणतेही भाष्य न करता मांडतात आणि म्हणूनच ती मनात खोल रुतते.

छळाची वर्णने मधल्या भागात इतकी सलग येतात की वाचकाची संवेदना बधिर होऊ लागते. त्यामुळे ही कादंबरी एका बैठकीत वाचू नये. पहारेकऱ्यांना जवळजवळ चेहरेच नाहीत, ही मात्र मला उणीव वाटत नाही, कारण तदमूरमध्ये त्यांच्याकडे नजर वर करून पाहण्याची कैद्यांना मुभाच नव्हती. स्टार्की यांनी रोजनिशीची कोरडी, तुटक शैली अनुवादात जपली आहे.

सुटकेनंतरचा भाग छोटा असला तरी तो घाईने उरकू नये. घरी परतलेला हा माणूस आप्तांमध्ये बसूनही पुन्हा त्याच कवचात शिरतो, आणि आता ते फोडून बाहेर यावे अशी इच्छाही त्याच्यात उरलेली नसते.