भांड्यांवर नावं टाकणारं दुकान आणि माझी चरांची पाटी

दारव्ह्याच्या बसस्टँडजवळच्या गल्लीत लेझरने भांड्यांवर नावं टाकून देणारं एक दुकान आहे. लग्नसराईत तिथे आंदणाच्या गुंडांची आणि ताटांची चळत दारापर्यंत येते. मी मात्र भांडं घेऊन गेले नव्हते. मला बारावीच्या पोरांना ग्राफीनची घडी दाखवायची होती.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा फक्त एका अणूच्या जाडीचा थर. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये हेच थर एकावर एक रचलेले असतात, एका मिलिमीटरमध्ये सुमारे ३० लाख. २००४ साली मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी तो चिकटपट्टीने सुटा केला, हे पोरांना फार आवडतं. पण त्या थराला घडी पडली की त्याचे विद्युत गुण बदलतात, आणि घडी हवी तिथेच पाडण्यासाठी अतिजलद लेझरने पृष्ठभागावर नक्षी कोरता येते, हे फळ्यावर सांगून कोणाच्या डोक्यात उतरेना. म्हणून ठरवलं, स्टीलच्या पाटीवर चर पाडून घ्यायचे आणि ग्राफीनच्या जागी मिठाईवरचा चांदीचा वर्ख.

दुकानातल्या भाऊंनी माझी आकृती नीट पाहिली आणि विचारलं, “मॅडम, नुसती रेघ पायजे, का बोटाले लागली पायजे?” इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. नावाला रेघ पुरते, मला खोली हवी होती. त्यांनी एकाच रेघेवरून लेझर पुन्हापुन्हा फिरवला.

पहिली पाटी फसली. चर खोल होते, पण काठाला नखाला लागेल अशी कड आली होती आणि वर्ख तिथे अडकून फाटत होता. दोष भाऊंच्या हाताचा नाही. भाऊंच्या अशा फायबर लेझर मशीनचा एकेक स्पंद, म्हणजे प्रकाशाचा झटका, साधारण १०० नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). तेवढ्यात उष्णता शेजारच्या धातूत पसरते, स्टील वितळतं आणि काठावर थिजतं. अतिजलद लेझरचा १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद याच्या दहा लाखपट आखूड. उष्णतेला पसरायला सवडच मिळत नाही, धातू आधीच उडून जातो, म्हणून काठ स्वच्छ राहतो. इतक्या आखूड स्पंदांना ताकद देण्याची रीत डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये मांडली आणि २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे सगळं मी काउंटरवरच भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, “मंग आपण शेवटचा हात हलका मारू.” पॉवर कमी, वेग जास्त, असे दोन हात फिरवले आणि वरून बारीक पॉलिश पेपर. दुसऱ्या पाटीची कड गेली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. दोन्ही पाट्यांचे मिळून १८० रुपये.

वर्गात कोऱ्या पाटीवर वर्ख टाकला तेव्हा सुरकुत्या कुठेही पडल्या. चरांच्या पाटीवर टाकून मऊ ब्रशने हलकेच सरकवला, तर घडी चराच्या काठालाच धरून पडली, चारपैकी तीनदा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली आणि म्हणाली, “मॅडम, घडी सुटूनच नाही राहिली.” वर्ख वर्खाला चिकटतो. ग्राफीनचे थरही जवळ आले की व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे अगदी जवळ आल्यावरच जाणवणाऱ्या हलक्या ओढीने, एकमेकांना धरून ठेवतात. त्या दिवशी तो शब्द मला पाठ करून घ्यावा लागला नाही.

एक तक्रार आहे आणि ती मी भाऊंना तोंडावर सांगितली. मशीनला झाकण नाही. जो लाल ठिपका दिसतो तो नुसता खूण दाखवणारा. काम करणारा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसतच नाही, म्हणूनच तो जास्त धोक्याचा. ती तरंगलांबी अडवणारा चष्मा भाऊंनी घालावा आणि भांडी घेऊन आलेल्या लेकरांना काउंटरजवळ उभं करू नये. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता, झाकण अजून नव्हतं.

जायचं तर लग्नसराई सोडून जा, आणि काठ कसा हवा ते आधीच सांगा. मला आता ०.२ मिलिमीटर अंतराच्या रेघांची पितळी पाटी हवी आहे. भाऊंनी आधी एका तुकड्यावर करून पाहतो म्हटलंय.