परदेशी निधी आणि सामायिक नेतृत्व : मराठवाड्यातील संस्थेने कोणती रचना स्वीकारावी?

पाणी, महिला शेती किंवा ग्रामीण आरोग्य या विषयांवर काम करणाऱ्या मराठवाड्यातील एखाद्या संस्थेपुढे परदेशी देणगीदारांच्या संयुक्त उपक्रमात सहभागी होण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा विश्वस्तांची चर्चा बहुधा रकमेपासून सुरू होते. माझ्या मते ती निर्णयाच्या अधिकारापासून सुरू व्हावी. असे उपक्रम ढोबळमानाने तीन रचनांत चालतात : एका मोठ्या संस्थेच्या नेतृत्वाखाली, देणगीदार आणि कार्यकर्ते यांच्या संयुक्त सुकाणू समितीमार्फत, किंवा निधीविना केवळ अनुभवांच्या देवाणघेवाणीतून. कोणती रचना कोणाला मानवेल, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना आहे.

तुलनेआधी कायद्याची चौकट लक्षात घ्यावी लागते, कारण पर्याय तिथेच मर्यादित होतात. परदेशी अंशदान विनियमन कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, मग त्या दुसऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे बंधनकारक झाले. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन वर्षांत तिने मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. विशिष्ट देणगीदाराकडून विशिष्ट कामासाठी पूर्वपरवानगी घेण्याचा मार्ग नव्या संस्थांना आहे, परंतु त्यातही कागदपत्रांचा भार कमी नसतो.

मुख्य संस्थेच्या नेतृत्वाखालील रचनेवर या दुरुस्तीचा सर्वांत मोठा परिणाम झाला. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था निधी स्वीकारून लातूर किंवा हिंगोलीच्या लहान संस्थेला वाटा देत असे आणि लहान संस्थेचे लेखापरीक्षण, अहवाल, इंग्रजी पत्रव्यवहार हे सारे ओझे मोठी संस्था वाहत असे. आता निधीचा वाटा देता येत नसल्याने मोठी संस्था आपले कर्मचारी गावात आणते आणि स्थानिक संस्थेकडे ओळखी करून देण्याचे, सभा भरवण्याचे काम उरते. या रचनेचा वेग मात्र मान्य करायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर देशभरातील दात्यांनी गावे दत्तक घेतली आणि जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. एवढी घरे त्या मुदतीत गावोगावच्या समित्यांकडून बांधून झाली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण पुनर्वसित गावठाणांतून आज फिरले तरी सरळ आखलेले रुंद रस्ते आणि एकसारखी घरे दिसतात. जुन्या गावातला वाड्याचा, भावकीचा शेजार त्या आखणीत बसला नाही आणि अनेकांचे शिवार घरापासून दूर गेले. आपत्तीच्या काळात ही किंमत कदाचित अपरिहार्य असेल, परंतु पाच वर्षांच्या पाणलोट कार्यक्रमात ती मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

संयुक्त सुकाणू समितीची रचना अवघड आहे आणि माझा कल तिच्याकडेच आहे. तिचे ठळक उदाहरण म्हणजे एड्स, क्षयरोग आणि हिवताप यांच्याशी लढण्यासाठी २००२ मध्ये स्थापन झालेला जागतिक निधी. त्याच्या संचालक मंडळात मताधिकार असलेल्या वीस जागा आहेत. दहा जागा देणाऱ्या बाजूच्या, तर दहा विकसनशील देशांच्या आणि नागरी संस्थांच्या असून त्यांत या रोगांनी बाधित समुदायांचीही एक जागा आहे. मतदानाची वेळ आल्यास दोन्ही गटांत स्वतंत्रपणे दोन-तृतीयांश बहुमत लागते, म्हणजे पैसा देणारे सगळे एक झाले तरी दुसऱ्या बाजूच्या संमतीवाचून ठराव पुढे जात नाही. फ्रिडा या तरुण स्त्रियांच्या निधीने तर अर्जदार गटांनाच एकमेकांच्या अर्जांवर मत देण्याची पद्धत रूढ केली.

या रचनेचा खर्च वेळेत आणि भाषेत मोजावा लागतो. कळंब तालुक्यातील एका गावात अशा ऑनलाइन बैठकीला मी एका बचत गटाच्या प्रमुख ताईंच्या शेजारी बसलो होतो. न्यूयॉर्कमधले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, तव्यावर भाकरी, आणि पलीकडच्या चाळीस मिनिटांच्या इंग्रजी चर्चेचा सारांश दुभाष्याने चार वाक्यांत सांगितलेला. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा ताई म्हणाल्या, "शेततळ्याचा कागद फाटलाय, पाणी राहत नाही. ते कुठं सांगायचं?" कागद म्हणजे तळ्यात अंथरलेले प्लास्टिकचे अस्तर. तो विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. पूर्ण झालेल्या शेततळ्यांच्या संख्येत ते तळे आधीच मोजले गेले होते. ताई समितीवर निमंत्रित होत्या, त्यांना मत नव्हते. कागदोपत्री ही रचना सामायिकच होती, म्हणून प्रस्तावातील 'सहभाग' या शब्दावर विसंबून न राहता मताधिकार आणि विषयपत्रिका ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे वाचावे.

तिसरी रचना निधी देत नाही, पण मराठवाड्याला तिचा अनुभव सर्वांत चांगला आला आहे. भूकंपानंतरच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. त्या कामातून स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या याच स्त्रिया कच्छमध्ये गेल्या, आणि तुर्कस्तानातील १९९९ च्या भूकंपग्रस्त स्त्रियांशीही त्यांच्या अनुभवांची देवाणघेवाण झाली. घर पडलेल्या बाईने घर पडलेल्या बाईला अनुदानाचा हप्ता आणि गवंड्याचे काम कसे तपासायचे, हे सांगितले. या संस्थेच्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

ज्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी नाही, तिने मुख्य संस्थेच्या छायेत जाण्याऐवजी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतून आणि स्थानिक देणग्यांतून काम चालवावे आणि परदेशी गटांशी तिसऱ्या रचनेचे नाते ठेवावे, असे मला वाटते. नोंदणी असलेल्या, स्वतःचा लेखापाल असलेल्या संस्थेने सुकाणू समितीचा आग्रह धरावा. मात्र बैठका, प्रवास आणि समन्वयाचा बराचसा खर्च वीस टक्क्यांच्या मर्यादेत बसवावा लागेल, याचा हिशेब करारापूर्वीच करावा. कामाच्या बाजूला निम्मी मते, फसलेल्या कामाचा विषय पत्रिकेवर घेण्याचा हक्क आणि आठवडाभर आधी मराठीतून कागदपत्रे, एवढे करारात लिहून घ्यावे. शिवाय बैठकीची वेळ आलटून पालटून ठेवण्यास सांगावे : आपल्याकडील सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि दोनपैकी एका बैठकीला तेवढे जागण्याची तयारी पलीकडे आहे की नाही, हे सही करण्याआधीच विचारून घेता येते.